नडणारी टीम आणि ओम्याचं जावळ

आमच्या वस्तीवरच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं, पण त्याच्यापेक्षा जास्त गप्पा गोळा होतात. दुधाला फॅट कमी लागली की मशीनवरचे बाळूभाऊ तोंड वाकडं करतात. गप्पांना कुणी फॅट लावत नाही, त्यामुळं त्या कितीही पातळ असल्या तरी खपतात! मी कॅन घेऊन रांगेत उभी असते, पदराला आमचा ओम्या लोंबकळत असतो, आणि रोज काहीतरी ऐकून घरी येते. एवढं साठलंय की आता थोडं रिकामं केल्याशिवाय नवीन मावायचं नाही.

आमची वस्ती देवळाली प्रवराच्या बाजूला. चारी बाजूंनी ऊस, मधे पंधरा-वीस घरं, एक मारुतीचं देऊळ, डेअरी आणि कबड्डीचं मैदान. वस्तीची टीम आहे आणि आमचे हे, म्हणजे संपत, तिचे रेडर. समोरच्यांच्या अंगणात घुसून कुणालातरी शिवून परत यायचं, हे त्यांचं काम. मला कबड्डीतलं कळतं ते सातवीपर्यंत शाळेत खेळले तेवढंच. पण डेअरीतला कायमचा वाद मला पाठ आहे. आपल्याला नडणारी टीम कोणती? म्हणजे जिच्यापुढं आपलं काही म्हणता काही चालत नाही, ती.

बाकीचे ह्या वादावर हसतात. मला मात्र हसता यायचं नाही. कारण ह्या वादात माझ्या लेकराचे केस अडकले होते!

* * *

पहिल्यांदा नानांचं सांगते. नाना म्हणजे आमच्या टीमचे जुने खेळाडू, आता पंच. गुडघे गेलेत पण आवाज गेला नाही. लिटरभर दूध घेऊन येतात आणि रांग संपली तरी जात नाहीत.

एकदा बाळूभाऊ म्हणाले, "आपल्याला नडणारी टीम एकच. कारखान्याची! एकदा तरी हरवलंय का त्यांना?"

नाना म्हणाले, "बाळू, कारखान्याची टीम तालुक्यात सगळ्यांना हरवती. ती नडणारी न्हवं, ती चांगली! नडणारी म्हंजी कोण? जी दुनियेकडनं हरती अन् आपल्याला बरोबर हरवती."

 शांताकाकू माझ्या पुढं उभ्या होत्या. दोन म्हशी आणि एक तोंड एवढ्यावर त्यांनी आख्खा संसार केलाय. त्या म्हणाल्या, "नाना, आता बरोबर समजलं. म्हंजी माझी जाऊ! आख्ख्या वस्तीला तिनं घाबरायचं अन् घरात आली की माझ्यावर चढायचं!"

काकूंची जाऊ रांगेत मागंच होती. ती म्हणाली, "अक्का, तुमी काय कारखान्याची टीम हाय का?"

* * *

तर नानांची व्याख्या सगळ्यांना पटली आणि तिथंच माझं बिघडलं.

नाना बोटं मोजत म्हणाले, "मग सांगा. सगळ्यांकडनं हरून आपल्याला हरवतं कोण? चिंचमळा!"

"कधीपासनं?" काकूंनी विचारलं.

बाळूभाऊंनी मशीनवरून मान पण वर केली नाही. "संपतचं लगीन झाल्यापासनं."

आख्खी डेअरी वळून माझ्याकडं बघायला लागली. चिंचमळा माझं माहेर! पाटाच्या पलीकडं, आमच्या गच्चीवरून दिसतं. आणि माझा धाकटा भाऊ दिपक त्यांचा कोपऱ्यातला गडी. समोरून रेडर आला की तो खाली झेप घेऊन घोटा पकडतो, आणि त्यानं पकडलेला घोटा सुटला असं मी तरी पाहिलं नाही.

"पोरगी दिली अन् पॉईंट घेऊन गेले!" काकू म्हणाल्या.

नानांनी कारण पण काढलं. "रेड करताना पाय मारावा लागतो. समोर उभे कोण? मेव्हणा, चुलत मेव्हणा, आत्तेमेव्हणा. सासरच्या माणसाला जावई पाय कसा लावंल? हा नुसता हातानं शिवायला जातो अन् घावतो!"

हे तेवढ्यात दुसरी कॅन घेऊन आले होते. सगळं ऐकलं. तोंड लालबुंद. कॅन खाली आपटली आणि म्हणाले, "मी कुणाला लाजत न्हाई! ऐका सगळे. आपल्याला नडणाऱ्या टीमला हरवल्याबिगर मी ओम्याचं जावळ काढणार न्हाई!"

झालं! कुणी मागितलं होतं का? ओम्याचं जावळ पहिल्या वर्षी राहूनच गेलेलं, लेकरू सारखं आजारी. तिसरं सरायच्या आत करायचं असं सासूबाईंनी ठरवलेलं. तिसरं पण चुकलं तर थेट पाचवं! आणि जावळाला बसायचं कुणाच्या मांडीवर? मामाच्या. मामा कोण? घोटा पकडणारा! म्हणजे ह्यांनी दिपकला हरवायचं, आणि मग त्याच्याच मांडीवर पोरगं बसवायचं. नाही हरवलं तर माझ्या लेकराच्या डोक्याला कात्री नाही, आणि भावाला माझ्या घरी येणं नाही. ह्यांनी त्याचा फोन घेणं पण सोडलं.

मी गोठ्यात जाऊन दिपकला फोन लावला. म्हटलं, "अरे, तू जरा सबुरीनं खेळ ना."

तो म्हणाला, "ताई, मांडी कधीची तयार हाय. पण दाजींचा घोटा दिसला की हात आपोआप जातो गं. मी काय करू?"

* * *

शांताकाकूंना माझी दया आली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नडणारी टीम बदलायचा घाट घातला. दुसरी कुठलीतरी टीम नडणारी ठरली, आणि तिला आपण आधीच हरवलेलं असलं, की ह्यांचा शब्द पण राहतो आणि लेकराचं डोकं पण मोकळं होतं!

"नाना, ते डोंगरवाले इसरला का?" काकूंनी सुरू केलं.

डोंगरवाले म्हणजे भंडारदऱ्याकडची टीम. पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा टेम्पोतून उतरल्या उतरल्या दोघांना उलटी झाली. अंगानं काड्या. आमची पोरं एकमेकांना टाळ्या द्यायला लागली. पण त्यांच्यातला एक रेडला आला आणि "कबड्डी कबड्डी" चालू झालं ते थांबेचना! आमच्याकडं तीस सेकंदांचं घड्याळ नाही, दम असेपर्यंत रेड. रोज डोंगर चढणाऱ्याचा दम तो. तो आपला इकडून तिकडं, तिकडून इकडं, कबड्डी कबड्डी कबड्डी. शेवटी आमच्या कोपऱ्यातल्या गड्याला जांभई आली. त्यानं तोंडापुढं हात नेला, तेवढ्यात तो शिवून गेला!

"जांभई देताना बाद केला! ह्याच्यापेक्षा अजून नडायचं ऱ्हायलं काय?" काकू म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, मारुतीराया, लागू दे हे बरोबर. डोंगरवाल्यांना आपण नंतर हरवलेलं आहे.

नानांनी डोकं हलवलं. "न्हाई. ती टीम न्हाई नडली. ती जांभई नडली."

* * *

मग काकूंनी मिशनवाल्यांचं काढलं. मिशनच्या आवारातली पोरं चांगलं खेळतात. त्या टीमचे योहान गुरुजी आमच्याच वस्तीजवळ राहतात, दूध आमच्याच डेअरीत घालतात. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. गुरुजींचं माहेर म्हणावं तर मिशन आणि सासर म्हणावं तर आमची वस्ती, त्यामुळं नाताळाच्या सुट्टीत दोन्ही टीमची मॅच झाली की सगळे त्यांच्याकडंच बघतात.

तर त्या मॅचच्या आधी गुरुजींनी दोन्ही टीमसाठी प्रार्थना केली होती. आमची पोरं खूष. आणि मग आम्ही असे हरलो, असे हरलो की स्कोअर सांगायला नको.

बाळूभाऊंनी गुरुजींना रांगेत अडवलं. "गुरुजी, तुमी आमच्यासाठी पण प्रार्थना केल्ती ना? का नुसतं सांगायला?"

"केली ना. सारखीच केली. एक शब्द इकडं तिकडं नाही."

"मग आमी हरलो कसं?"

गुरुजींनी कॅनचं झाकण लावलं. "प्रार्थना मी दोघांसाठी केली, बाळासाहेब. प्रॅक्टिस त्यांनी एकट्यांनी केली."

नाना म्हणाले, "म्हंजी तेपण चांगले निघाले. नडणारे न्हवं."

फिरून फिरून चिंचमळाच!

* * *

आता जेवणाचं सांगते. हे ऐकून माझ्या माहेरची माणसं अजून हसतात.

मागल्या वर्षी जत्रेत चिंचमळ्याशी मॅच होती. आमच्याकडं रीत आहे, बाहेरून टीम आली की मॅचच्या आधी वस्तीनं जेवू घालायचं. एरवी पोहे-चहावर भागवतात. पण शांताकाकूंच्या डोक्यात आलं, "ह्यांना असं चारा की मैदानात उठता येऊ नये!"

मग काय! मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, वर भात, वर बुंदी. बायांनी सकाळपासून चुली पेटवल्या. मी पण भाकरी थापल्या. माहेरच्यांना सुस्त करायला भाकरी थापणारी मी जगात एकटीच असेन. पण ओम्याच्या डोक्यात घामोळं उठलं होतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पंगत बसली. चिंचमळ्याची पोरं पानावर बसली, आणि त्यांचा कॅप्टन म्हणाला, "यजमान बसल्याबिगर आमी घास कसा घेणार?" बरोबरच आहे! पाहुण्याला एकटं कुणी जेवू घालतं का? मग आमची टीम पण समोरासमोर बसली. आता आग्रह करायचा तर आपलं ताट रिकामं ठेवून कसं चालंल? "घ्या हो, अजून एक भाकरी घ्या!" "तुमी घेतली तर घेतो!" "ही बघा घेतली!" आमचे हे दिपकशी बोलत नव्हते, पण इरेला पडून त्याच्याबरोबर भाकरी मोजून खात होते. मी मागून खुणा करतेय, डोळे मोठे करतेय, कुणाचं लक्ष नाही!

ही चिंचमळ्याची पोरं कारखान्याला ऊस भरणारी. खाऊन ट्रकवर मोळ्या फेकायच्या हे त्यांचं रोजचं. जेवल्याशिवाय त्यांना सुधरतच नाही. आमची पोरं दुकानात बसणारी, मोटारसायकलवर फिरणारी. पहिल्या रेडला आमचे हे पलीकडं गेले ते ढेकर देतच! कबड्डी म्हणतायत का ढेकर देतायत तेच नानांना कळेना. दम तुटला म्हणून बाद!

हाफ टाइमला आमचे तीन गडी मारुतीच्या पारावर आडवे.

मॅच संपली. चिंचमळ्याचा कॅप्टन घाम पुसत काकूंकडं आला. आम्हाला वाटलं, आता टोमणा मारणार. तो हात जोडून म्हणाला, "काकू, रस्सा उरलाय का?"

* * *

इकडं ओम्याचे केस वाढतच चालले होते. खांद्याच्या खाली गेले. कात्री लावायची नाही, मोकळे सोडले तर डोळ्यात जातात, मग मी दोन वेण्या घालायला लागले. रात्री झोपला की डोक्यातून हात फिरवून बघायची. उवा झाल्या नाहीत ना, गळू आलं नाही ना, ओलं राहून सर्दी झाली नाही ना. सासूबाई म्हणायच्या, "अगं, केसांनी कुणी मरत न्हाई." मला ते पण ऐकवायचं नाही.

एकदा बेलापूरच्या बाजारात हे ओम्याला घेऊन गेले. मी काकडीचा भाव करत मागं राहिले. बांगडीवाल्या मावशीनं ओम्याला बघितलं. "काय गोड पोरगी हाय गं बाई!" म्हणून ह्यांचं लक्ष जायच्या आत त्याच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या पण! हे म्हणाले, "अहो, पोरगा हाय तो!" मावशी म्हणाली, "आरं, पोरगी झाली म्हणून काय लाजायचं एवढं? लक्ष्मी हाय!"

ओम्याला त्या बांगड्या इतक्या आवडल्या की काढू देईना. काढायला गेलं की भोकाड. संध्याकाळी हे त्याला तसंच घेऊन डेअरीवर. एका हातात कॅन, एका हाताला दोन वेण्यांचा ओम्या, बांगड्या छुमछुम.

शांताकाकूंनी एकदा ओम्याकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं.

"संपत," त्या म्हणाल्या, "औंदा पण हरलास तर स्थळं बघाय लागू का?"

हे त्या दिवसापासून पहाटे उठून पळायला लागले.

* * *

आता ह्या वर्षीची जत्रा. ओम्याचं तिसरं सरत आलेलं. ही शेवटची मॅच, नाहीतर पाचव्या वर्षापर्यंत वेण्या! मी मैदानाच्या कडेला ओम्याला मांडीत घट्ट धरून बसले होते. मला दोन भीत्या होत्या. एक, हे हरतील. दुसरी, जिंकायच्या नादात कुणाचा तरी हात-पाय मोडेल. एक नवरा, एक भाऊ. कुणाचा मोडावा म्हणू?

तीन टीम होत्या. आम्ही, डोंगरवाले आणि चिंचमळा. प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच. जेवण मॅचनंतर ठेवलं होतं, एवढी तरी अक्कल आली होती!

सकाळी आम्ही डोंगरवाल्यांना हरवलं. कुणी जांभई दिली नाही. दुपारी डोंगरवाल्यांनी चिंचमळ्याला हरवलं. ऊन उतरल्यावर आमची आणि चिंचमळ्याची. शेवटची रेड आली तेव्हा बरोबरी होती. हे गेले. एकाला शिवले! वळले, मधल्या रेघेकडं झेप घेतली, आणि मागून दिपकनं घोटा धरला.

मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा हे पालथे पडले होते, हात लांब केलेला, रेघ वीतभर पुढं राहिलेली. चिंचमळ्याची पोरं नाचत होती. दिपक नाचत नव्हता. तो ह्यांच्या पाठीवरची माती झटकत विचारत होता, "दाजी, लागलं का कुठं?"  हे उठले, चालले, दोन्ही पाय धड होते. खरं सांगते, हरल्याचं मला काही वाटलंच नाही त्या घडीला. दोघं आपल्या पायांनी चालत गेले एवढ्यावरच माझा जीव खाली पडला.

दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध मोजल्याचा तेवढा आवाज. ओम्या वेणी चावत उभा. तेवढ्यात योहान गुरुजींनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "सूनबाई, सातवीपर्यंत शिकलीस ना? क हा ख पेक्षा मोठा. ख हा ग पेक्षा मोठा. मग क आणि ग मध्ये मोठा कोण?"

मी घाबरत म्हटलं, "क."

"शाब्बास! आपण डोंगरवाल्यांना हरवलं. डोंगरवाल्यांनी चिंचमळ्याला हरवलं. म्हणजे आपण चिंचमळ्याला हरवलं!"

डेअरीत एकदम गलका. बाळूभाऊंनी शंका काढली, "पण गुरुजी, काल संध्याकाळी चिंचमळ्यानं आपल्याला हरवलं, त्याचं काय?"

गुरुजी म्हणाले, "ते दुसरं गणित. एका वेळी एकच सोडवायचं असतं."

सगळे नानांकडं बघायला लागले. पंच ते. नानांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं बघितलं तर," ते म्हणाले, "नियमात बसत न्हाई. पण नियमाच्या इरोधात पण जात न्हाई."

"लेकराच्या डोक्यातल्या घामोळ्याला तुमचा कुठला नियम लागतो ते सांगा आधी!" काकू ओरडल्या.

हे कोपऱ्यात उभे होते. त्यांनी कॅन उचलली आणि चालू लागले. मी मागून. अर्ध्या रस्त्यात, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या भावाला रविवारी ये म्हणावं. हरवलं म्हणून न्हाई. उन्हाळा लई हाय म्हणून."

 घरी आल्यावर गोठ्यात गायीच्या पाठीला तोंड लावून पोटभर रडून घेतलं. गायीनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत वैरण खायला लागली.

* * *

रविवारी दिपक आला. नवीन कपडे, मिठाई, ओम्याला सोन्याचा मुलामा दिलेलं कडं. हे त्याला बघून आत गेले ते पाणी पण दुसऱ्याच्या हातून पाठवलं. अंगणात रांगोळी काढलेली. मधे पाट, पुढं ओट्याच्या पायरीपाशी रांगोळीची एक लांब रेघ. आख्खी डेअरी आली होती. नाना, गुरुजी, काकू, मशीन बंद करून बाळूभाऊ. नणंदबाई केस झेलायला पदर पसरून बसल्या. हे ओट्यावर खांबाला टेकून, हाताची घडी घालून, तोंड दुसरीकडं.

दिपक पाटावर बसला, मांडीवर ओम्या. सलूनवाले विलासभाऊ वस्तरा घेऊन वाकले. मी वस्तऱ्याकडं बघत उभी. लेकरू हललं तर? कापलं तर? उजवी बाजू झाली. वेणी नणंदबाईंच्या पदरात पडली. ओम्यानं ती पडलेली बघितली आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यानं दिपकच्या पोटात एक लाथ हाणली आणि मांडीवरून उडी मारली!

अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्या डोक्यावर वेणी, आणि पळतंय!

"धरा! धरा!" काकू ओरडल्या.

दिपकनं बसल्या जागेवरून झेप घेतली. तीच ती झेप, कोपऱ्यातली. हात बरोबर घोट्यावर. ओम्या पालथा पडला. समोर वीतभर अंतरावर रांगोळीची रेघ.  ओम्यानं हात लांब केला. दिपकनं घोटा आवळला. ओम्यानं दुसरा पाय झाडला, एकदा, दोनदा, आणि पाय सुटला! तो रांगत गेला आणि रेघेवर पसरला, रांगोळी सगळी पोटाला.

"पॉईंऽऽट!"

हे ओट्यावरून खाली उडी मारून आले होते. ओम्याला उचलून त्यांनी वर फेकला, झेलला, परत फेकला. माझा जीव वर जातोय, खाली येतोय. नानांच्या खिशात शिट्टी होतीच, त्यांनी ती जोरात वाजवली आणि हात वर केला. बाळूभाऊ नाचायला लागले. गुरुजी म्हणाले, "ह्याला गणिताची पण गरज नाही!" हे हसत हसत दिपकजवळ आले, त्याला हाताला धरून उठवला. कितीतरी महिन्यांनी त्याच्याशी बोलले. पण बोलता बोलता थांबले आणि बारीक तोंड करून विचारलं, "दिपक, खरं सांग. सोडलास का सुटला?"

दिपक धुळीनं माखलेला, आपल्या हाताकडं बघत होता. हात उन्हात चकाकत होता. त्यानं तो नाकाशी नेला.

"दाजी, आईची आण, सोडला न्हाई. पण पोराच्या पायाला तेल हाय! बोटबोट खोबरेल!"

नानांची शिट्टी तोंडातच राहिली. "तेल? तेल लावून उतरणं फाऊल असतंय!"

"कुणी लावलं?" हे म्हणाले.

डेअरीत त्या दिवशी बघत होते तशी सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

मी ओम्याला ह्यांच्या हातातून घेतलं, कडेवर बसवलं आणि म्हटलं, "पाणी तापलंय. लेकराला आंघोळ घालते आधी."

"अहो वैनी," मागून विलासभाऊ ओरडले, "अर्धं डोकं ऱ्हायलंय की अजून!"